डंखहीन मधमाश्यांचं मॉडेल: आज पुणे लाल, २०७० मध्ये सगळं कोरं, असं का होतं?

ही अडचण दर वर्षी प्रबंधांच्या मोसमात येते. मॅक्सेंट, म्हणजे नोंदी आणि हवामानावरून जीवाला अनुकूल जागा शोधणारं सॉफ्टवेअर, चालवून झालेलं असतं, एयूसी (मॉडेल किती चांगलं ते सांगणारा ० ते १ मधला गुण) ०.९ च्या वर गेलेला असतो, आणि तरी नकाशा पाहिल्यावर काहीतरी खटकतं. पाषाण, कोथरूड, तळजाई, विद्यापीठाचा परिसर गडद लाल, म्हणजे अतिशय अनुकूल. तिथून एक लाल पट्टा लोणावळ्याकडे, दुसरा साताऱ्याच्या रस्त्याने खाली. मुळशीच्या मागचं जंगल फिकट, वेल्हे-भोर फिकट, दौंड-इंदापूर कोरं. मग एसएसपी ५८५ खाली, म्हणजे भरमसाट उत्सर्जनाचं भविष्य धरून, २०६१–२०८० चं चित्र काढलं की पुण्यातला रंग पूर्ण पुसला जातो आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर एक ठिपका उरतो. त्यावरून प्रबंधात लिहिलं जातं की जिल्ह्यातला डंखहीन मधमाश्यांचा बहुतेक अधिवास शतकाच्या उत्तरार्धात संपणार.

या निष्कर्षाची मला काळजी वाटते, कारण तो पुढे वर्तमानपत्रात जातो, वनखात्याच्या टिपणात जातो आणि मग कोणी तपासत नाही. तापमान वाढतं आहे यात शंका नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेल्या अहवालानुसार भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि उत्सर्जन असंच चढत राहिलं तर शतकाअखेरीस १९७६–२००५ च्या तुलनेत सुमारे ४.४ अंशांची वाढ अपेक्षित आहे. प्रश्न तुमच्या नकाशाचा आहे. आजचं लाल पुणे आणि उद्याचं कोरं पुणे ही दोन वेगळी दुखणी वाटतात. बहुतेक वेळा ते एकच दुखणं असतं, आणि ते मॅक्सेंटच्या सेटिंगमध्ये नसून नोंदी कोणी, कुठे घेतल्या यात असतं.

मॅक्सेंटला मधमाशी दिसत नाही. त्याला फक्त नोंदींच्या जागचं हवामान आणि पार्श्वभूमीच्या, म्हणजे तुलनेसाठी प्रदेशभरातून उचललेल्या, बिंदूंचं हवामान दिसतं, आणि या दोहोंतला फरक तो शिकतो. आता पुण्याकडे पाहा. विद्यापीठ, आयसर, आघारकर संस्था, आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र, शिवाजीनगरला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. शिवाय रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर कॅमेरा घेऊन फिरणारी मंडळी. नोंदी या माणसांच्या आसपास साठतात. जीबीआयएफ या जीवनोंदींच्या जागतिक संग्रहावरून उतरवलेल्या यादीतल्या अनेक नोंदी अशा असतील तर मॉडेल काय शिकेल? वर्षाची सरासरी २५ अंशांच्या आसपास, पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, उंची साडेपाचशे मीटरच्या पुढे: हे पुण्याचं हवामान म्हणजेच माशीची आवड. मग २०७० मध्ये पुणे दोन-तीन अंशांनी तापलं की ती 'आवड' पुण्यात उरत नाही आणि नकाशा कोरा होतो. म्हणजे त्या नकाशात पुसली जाते ती निरीक्षकांच्या गावची आजची हवा. माशीबद्दल त्यात फारसं काही नसतं.

याची पहिली खूण प्रतिसाद-वक्रात, म्हणजे एखादा घटक बदलला की अनुकूलता कशी बदलते त्या आलेखात, सापडते. वार्षिक सरासरी तापमानाचा वक्र काढा. तो पुण्याच्या आकड्यावर टोकदार डोंगरासारखा उभा असेल आणि दोन्ही बाजूंना झपकन उतरत असेल तर शंका घ्या. केरळपासून गुजरातपर्यंत पसरलेल्या कीटकाची आवड इतकी अरुंद असणं पटत नाही.

आधी झटपट तपासून घ्यायच्या गोष्टी

भविष्याचा नकाशा पूर्ण एकाच रंगाचा आला असेल तर आधी एककं बघा. वर्ल्डक्लिम या हवामान-नकाशांच्या संचाच्या १.४ आवृत्तीत तापमान दहाने गुणून ठेवलेलं होतं, २.१ मध्ये ते थेट अंशांत आहे. एका आवृत्तीवर शिकवलं आणि दुसरीवर प्रक्षेपण केलं तर २५० अंशांची सवय असलेल्या मॉडेलला अचानक २७ दिसतात. चेल्सा या तशाच दुसऱ्या संचाच्या फायलींत तापमान केल्व्हिनच्या दहापटीत साठवलेलं असतं. काही सॉफ्टवेअर ते आपोआप उलगडतात, काही नाही. दोन्ही रास्टरांत (चौकोनी खान्यांच्या नकाशांत) पुण्याच्या एकाच खान्याचा आकडा वाचून पाहिला की पाच मिनिटांत कळतं.

आधारकाळही, म्हणजे ज्या वर्षांची सरासरी 'आज' म्हणून धरली तो काळही, जुळवा. वर्ल्डक्लिम २.१ चा १९७०–२०००, चेल्साचा १९८१–२०१०. आज एकाचा आणि उद्या दुसऱ्याचा, असं केलं तर दोन संचांतला फरकच तुम्ही हवामानबदल म्हणून मोजाल.

नावांचंही असंच आहे. आपल्याकडच्या बहुतेक डंखहीन माश्या आता टेट्रागोनुला या प्रजातीत (जीनसमध्ये) मोडतात, पण जुन्या लेखांत आणि संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर त्या ट्रायगोना म्हणून आहेत. फक्त नव्या नावाने शोधलं तर जुन्या नोंदी हातून निसटतात. आणि इथे एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणे लिहावी लागते. तीन-चार मिलिमीटरच्या या काळसर माशीची जाती (स्पीशीज) फोटोवरून ठरवता येत नाही. त्यासाठी नमुना हवा, बऱ्याचदा नर हवा आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हवी. 'टेट्रागोनुला इरिडिपेनिस' असं शेकडो फोटोंवर लिहिलेलं आहे, कारण तेच नाव लोकांना ठाऊक आहे. त्यामुळे फोटोंच्या नोंदींवर काम करत असाल तर मॉडेल प्रजातीच्या पातळीवर करा आणि शीर्षकातही तसंच म्हणा.

पेटीतल्या वसाहती बाजूला काढा. मधपाळाने दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेली, सावलीत ठेवलेली, गरजेला साखरपाणी मिळालेली वसाहत त्या जागेच्या हवामानाबद्दल फारसं सांगत नाही.

मुख्य चाचणी: निरीक्षकांचं मॉडेल करा

सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते तीही हीच.

ज्या स्रोतातून माशीच्या नोंदी घेतल्या त्याच स्रोतातून, त्याच प्रदेशातल्या, मुंग्या, गांधीलमाश्या आणि इतर मधमाश्यांच्या सगळ्या नोंदी उतरवा. हे सगळे एकाच गणातले, आणि त्यांचे फोटो काढणारी माणसं साधारण तीच. आता या एकत्रित ढिगाला एक 'जाती' समजून तुमच्याच थरांवर (तापमान, पाऊस अशा नकाशांवर), तुमच्याच सेटिंगने मॉडेल चालवा. मिळालेला नकाशा हा माणसं कुठे फिरतात याचा नकाशा आहे. तो माशीच्या नकाशाशेजारी ठेवा. शोनरचा डी हा निर्देशांक ० ते १ मध्ये साम्य सांगतो. तो १ च्या अगदी जवळ आला तर तुमच्या मॉडेलने माशीबद्दल वेगळं असं फार काही शिकलेलं नाही.

थोडं पुढे जायचं असेल तर त्या ढिगातून तुमच्या माशीच्या नोंदींइतकेच बिंदू चिठ्ठ्या टाकून उचला, मॉडेल चालवा, एयूसी लिहून ठेवा, आणि हे पुष्कळ वेळा करा. चिठ्ठ्यांच्या मॉडेलांनाही ०.९ मिळत असेल तर तुमच्या ०.९ ला काही अर्थ उरत नाही. एयूसी फुगण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे पार्श्वभूमी. अख्खा भारत घेतला की लडाख आणि थरचं वाळवंट त्यात येतं. तिथे माशी नाही हे ओळखायला मॉडेल लागत नाही, पण गुण मात्र मिळतात.

पण शहरात त्या खरोखरच असतात

इथे घाई करू नका. निरीक्षकांचा पक्षपात सापडला म्हणून शहरातल्या नोंदी उडवून देणं ही दुसरी चूक होईल. डंखहीन माश्यांना, म्हणजेच पोयाच्या माश्यांना, पोकळी लागते: झाडाची ढोली, खडकातली भेग, नाहीतर भिंतीतली सांद. जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या दगडी भिंती, देवळांचे चौथरे, महाविद्यालयांच्या ब्रिटिशकालीन इमारती, विजेच्या मीटरच्या पेट्या, बंद पडलेले पाइप, हे सगळं त्यांना चालतं. राळ आणि मेणाची ती छोटीशी नळी भिंतीतून बाहेर आलेली एकदा ओळखता आली की ती सगळीकडे दिसू लागते. शिवाय शहरात फुलं वर्षभर असतात. एप्रिलमध्ये पूर्वेकडचं माळरान करपलेलं असतं तेव्हा सोसायटीच्या बागेला रोज पाणी असतं. म्हणजे पुण्यात त्या दाट असणं जीवशास्त्राच्या दृष्टीनेही शक्य आहे.

मग पक्षपात किती आणि खरी आवड किती, हे वेगळं कसं करायचं? नुसत्या नोंदींवरून नाही करता येत, हे आधी मान्य करावं लागतं. लागतात त्या 'शोधलं आणि सापडलं नाही' अशा नोंदी. शहरातल्या आणि खेड्यातल्या सारख्याच जागा निवडा, म्हणजे दगडी देऊळ, जुनी शाळा, मोठी झाडं असलेलं गावठाण, आणि प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ भिंती पाहा. शिवाजीनगरला आणि वेल्ह्याला सारख्या श्रमाने शोधल्यावर फरक आला तर तो माशीचा. हे कष्टाचं आहे, पण लहान विद्यार्थी-गटाला एका हंगामात जमण्यासारखं आहे. मुळशी-वेल्ह्याकडे कातकरी आणि जुन्नर-आंबेगावकडे महादेव कोळी समाजातल्या जाणत्या माणसांना विचारा. कोणत्या झाडाला, कोणत्या कड्याला पोया आहे हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक असतं. त्यांची माहिती घेतली तर श्रेय द्या, आणि जंगलातल्या पोळ्याचा नेमका बिंदू सार्वजनिक यादीत टाकू नका. मधासाठी ढोल्या फोडणारे ती यादी वाचतात.

एक सापळा इथेच आहे. 'बांधकामाचं अंतर' किंवा 'रात्रीचा प्रकाश' असा थर टाकला की मॉडेल छान सुधारतं, म्हणून तो टाकायचा मोह होतो. तो थर माशीसाठी भिंती दाखवतो आणि त्याच वेळी माणसंही दाखवतो. मॉडेलला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. रस्त्यापासूनचं अंतर थर म्हणून घ्यायचंच असेल तर ते पक्षपाताचं माप म्हणून घ्या, आणि अंतिम नकाशा काढताना त्याची किंमत सगळीकडे एकच ठेवा, म्हणजे सगळा जिल्हा रस्त्यापासून सारख्याच अंतरावर असता तर काय दिसलं असतं हे उत्तर मिळेल.

दुरुस्ती

पहिली, विरळणी, म्हणजे दाटीतल्या नोंदी कमी करणं. कामकरी माश्या पोळ्यापासून काही शे मीटरच्या टप्प्यात चरतात, तेव्हा एक किलोमीटरच्या खान्यात एकच नोंद ठेवणं रास्त आहे. मात्र विरळणीने टेकडीवरच्या वीस नोंदींची एक होते, वेल्ह्याच्या शून्याचं काही होत नाही. म्हणून ती एकटी पुरत नाही.

दुसरी, आणि खरी, म्हणजे पार्श्वभूमी बदलणं. मॅक्सेंट मूळ सेटिंगला १०,००० बिंदू सगळीकडे सारखे विखुरतो. पुणे जिल्हा सुमारे १५,६०० चौरस किलोमीटरचा. ३० सेकंदांच्या (सुमारे एक किलोमीटर खान्याच्या) रास्टरमध्ये त्याचे जेमतेम १९,००० खाने होतात. म्हणजे जिल्ह्यापुरतं मॉडेल असेल तर अर्धा जिल्हा पार्श्वभूमीत जातो, आणि त्यातल्या बहुतेक खान्यांत कोणी कधी पाहिलेलंच नसतं. त्याऐवजी वर उतरवलेल्या मुंग्या-गांधीलमाश्यांच्या नोंदींवरून पार्श्वभूमीचे बिंदू घ्या. मग माशी आणि पार्श्वभूमी दोन्हींत पुण्याचा भार सारखा येतो आणि तो एकमेकांत कटतो. उरतं ते निरीक्षक जिथे गेले त्यातल्या कोणत्या जागी माशी जास्त दिसली, हे. हे केल्यावर लाल रंग पश्चिमेकडे सरकला, एयूसी ०.७५ वर आला, तर घाबरू नका. तो आकडा आधीच्यापेक्षा जास्त विश्वासाचा आहे.

या उपायालाही मर्यादा आहे. जिथे कोणत्याच कीटकाची नोंद नाही तिथे मॉडेल अंदाज बांधतच राहील. असे खाने नकाशावर राखाडी ठेवा. परीक्षकांना राखाडी आवडत नाही म्हणून त्यात रंग भरू नका.

तिसरी, तपासणी. नोंदी यादृच्छिक पद्धतीने शिकवणीच्या आणि चाचणीच्या अशा वाटल्या तर पाषाणची एक नोंद शिकवणीत, शेजारची चाचणीत जाते आणि मॉडेल पास होतं. त्याऐवजी भूभागाचे ठोकळे पाडा: कोकण, घाटमाथा, मावळ, पूर्वेचा दुष्काळी पट्टा. तीन ठोकळ्यांवर शिकवा आणि चौथ्यावर तपासा. भविष्याचं प्रक्षेपण म्हणजे न पाहिलेल्या हवामानात जाणं. जे मॉडेल मावळातून इंदापूरला जाऊ शकत नाही ते २०७० मध्ये कसं जाईल? ईएनएमइव्हॅल या आर पॅकेजमध्ये ठोकळ्यांची सोय आहे, आणि त्यातच नियमनाचा गुणक (तो जितका जास्त तितकं मॉडेल साधं) १ ते ४ पर्यंत चढवून पाहता येतो. नोंदी थोड्या असतील तर प्रतिसाद-वक्राला रेषा (लिनियर) आणि वर्ग (क्वाड्रॅटिक) एवढेच आकार द्या. बाकीचे आकार पुण्याचा प्रत्येक खळगा पाठ करतात.

नकाशावर सरळ रेघ दिसते आहे?

हा भाग सह्याद्रीत काम करणाऱ्यांनी सावकाश वाचावा. बाहेरच्या प्रदेशांवरून लिहिलेल्या पाठांत तो सहसा नसतो आणि आपल्याकडे त्याने मोठा गोंधळ होतो.

या संचांत मिळणाऱ्या एकोणीस बायोक्लिम थरांपैकी (महिन्यांच्या तापमान-पावसावरून काढलेल्या नकाशांपैकी) ८, ९, १८ आणि १९ हे चार थर तापमान आणि पाऊस एकत्र जोडून बनतात. अठरावा म्हणजे सर्वांत उष्ण तिमाहीतला पाऊस. आपल्याकडे उष्ण तिमाही कुठे मार्च-एप्रिल-मे असते, कुठे एप्रिल-मे-जून. दोन शेजारच्या खान्यांत तापमानाचा फरक नगण्य असतो, पण एकात जून धरला जातो आणि दुसऱ्यात नाही. घाटाजवळ एकट्या जूनचा पाऊस काही शे मिलिमीटर! म्हणून रास्टरमध्ये कड्यासारखी रेघ उमटते, जी जमिनीवर कुठेच नाही. एकोणिसाव्या थराचं याहून वाईट. महाबळेश्वरला पावसाळ्यातल्या ढगांमुळे जुलै-ऑगस्टचं सरासरी तापमान जानेवारीच्या जवळपास येतं. 'सर्वांत थंड तिमाही' एका खान्यात हिवाळ्यातली, शेजारच्यात भर पावसाळ्यातली ठरू शकते, आणि मग तिथला आकडा काही मिलिमीटरवरून काही हजारांवर उडी मारतो.

भविष्यात ही रेघ सरकते. मॉडेलमध्ये जूनचं तापमान किंचित जास्त वाढलं तर उष्ण तिमाहीची चौकट एका महिन्याने पुढे जाते आणि अख्ख्या तालुक्याचा 'उष्ण तिमाहीतला पाऊस' एकदम अनेकपट होतो. तुमचा मॅक्सेंट ते प्रलय समजून अधिवास पुसून टाकतो. महाबळेश्वरवर ठिपका उरण्यामागे अनेकदा हेच असतं.

उपाय सोपा: हे चार थर काढून टाका. चौदावा आणि सतरावा, म्हणजे कोरड्या महिन्याचा आणि कोरड्या तिमाहीचा पाऊस, आपल्याकडे जवळपास सगळीकडे शून्याला टेकलेले; तेही फारसे कामाचे नाहीत. त्याऐवजी स्वतः थर बनवा. वर्ल्डक्लिमवर महिन्यावारी आकडे मिळतात. मार्च ते मे चं सरासरी कमाल तापमान, जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस, ऑक्टोबर ते मे मधला पाऊस, अशा ठरलेल्या महिन्यांच्या चौकटी घेतल्या की त्या सरकत नाहीत. आणि या चौकटींना माशीच्या आयुष्यात अर्थ आहे. मार्च-मे मध्ये पोळं तापतं. जून-सप्टेंबरमध्ये घाटमाथ्यावर दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही आणि साठवलेल्या मधावर व परागावर वसाहत तग धरते. कोरड्या आठ महिन्यांतल्या पावसावर फुलोरा अवलंबून असतो.

घाटाचा पाऊस स्वतंत्रपणे तपासून घ्या. पर्जन्यमापकं घाटमाथ्यावर विरळ आहेत, आणि जागतिक रास्टर मधली जागा हिशोबाने भरतात. ताम्हिणीला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे, पुण्यात ७०० च्या आसपास, बारामती-दौंडला त्याहून कमी, आणि हे सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. अडीच मिनिटांचं, म्हणजे साडेचार किलोमीटरचं रास्टर घेतलं तर कोकणात कोसळणारा कडा आणि माथा एकाच खान्यात येतात. ३० सेकंदांचंच वापरा, आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या, लोणावळ्याच्या, महाबळेश्वरच्या दीर्घकालीन सरासरीशी त्या खान्यांचे आकडे ताडून बघा.

भविष्य: पुण्याचं उद्या म्हणजे कोणाचं आज?

पुण्यात एप्रिलचं सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं. त्यात तीन अंश घाला: ४१. नागपूर-चंद्रपूरकडे आजच मे महिन्याची सरासरी त्याहून वर जाते. म्हणजे तापमानापुरतं बोलायचं तर पुण्याचं २०७० हे विदर्भाच्या आजपेक्षा जास्त तापलेलं असेलच असं नाही. तरी मॉडेल पुणं पुसतं, कारण त्याला फक्त पुणे जिल्हा दाखवलेला असतो. ३८ च्या पुढचं जग त्याने पाहिलेलं नसतं. शिकवणीचा प्रदेश दख्खनभर, शक्य तर दक्षिण भारतभर वाढवा, विदर्भ-तेलंगणाकडच्या नोंदी घ्या, आणि पुन्हा चालवा. चित्र बदलतं.

ते बदललं म्हणून माश्या सुरक्षित आहेत असं मात्र लिहू नका. विदर्भातली आणि मुळशीतली माशी एकाच जातीची आहे याची खात्री नसते. एकच असली तरी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या हवेत रुळलेल्या वसाहती सारखंच सोसतील असं नाही. सातेरी मधमाशीसारखं पाणी आणून, पंख हलवून पोळं थंड ठेवण्याची ताकद या माश्यांत कमी. त्यांचा भरवसा भिंतीच्या जाडीवर आणि झाडाच्या खोडावर. दोन फूट दगडी भिंतीतलं पोळं आणि पत्र्याच्या मीटरपेटीतलं पोळं यांना हवामान खात्याचा एकच आकडा लागू पडत नाही. वाडे पाडून काचेच्या इमारती उभ्या राहतात तेव्हा जे जातं ते बायोक्लिमच्या कोणत्याही थरात नाही, आणि माझ्या मते पुण्यातल्या पोयासाठी पुढची वीस वर्षं तोच मोठा धोका आहे.

प्रक्षेपण करताना क्लॅम्पिंग (शिकवणीत न दिसलेले आकडे तिथल्या टोकाच्या आकड्यावर अडवणं) चालू आहे की बंद हे लिहून ठेवा आणि दोन्ही नकाशे काढून वजाबाकी करा. जिथे मोठा फरक, तिथे मॉडेल अनुभवाबाहेर बोलतं आहे. मेस नकाशात, म्हणजे भविष्याचं हवामान शिकवणीच्या हवामानाशी किती मिळतं ते दाखवणाऱ्या नकाशात, तेच ऋण आकड्यांनी दिसतं. ऋण भाग रेघांनी झाका.

एकाच हवामान मॉडेलवर थांबू नका. सीएमआयपी ६ या जागतिक प्रकल्पातली काही हवामान मॉडेलं, जसं कॅनईएसएम ५ किंवा यूकेईएसएम १, कार्बनला इतरांपेक्षा बरीच जास्त तापतात. योगायोगाने तेवढंच निवडलं तर विनाश हमखास. पाच-सहा घ्या, त्यांतली किती सहमत आहेत ते दाखवा, आणि एसएसपी ५८५ बरोबर मध्यम उत्सर्जनाचं एसएसपी २४५ ही द्या. पावसाबाबत ही मॉडेलं एकमेकांशी पटत नाहीत; घाटात तर नाहीच.

'स्थलांतर करतील' असं लिहिण्याआधी

नवा लाल ठिपका महाबळेश्वरला आला म्हणून माश्या तिकडे जातील, असं वाक्य हमखास येतं. आग्या मोहोळ लांब उडून जातं. डंखहीन माश्यांचं तसं नसतं. नवं घर करताना कामकरी माश्या जुन्या घरातून राळ, मेण, अन्न वाहून नेतात. आईचं घर आणि लेकीचं घर बराच काळ जोडलेलं राहतं. त्यामुळे लेकीचं घर आईच्या उडण्याच्या टप्प्यातच होतं, म्हणजे काही शे मीटर. पुण्याहून महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. दर वर्षी एक नवं घर, दर वेळी ३०० मीटर पुढे, नेहमी योग्य दिशेला आणि वाटेत कुठे पोकळीची उणीव नाही, असं सगळं उदारपणे धरलं तरी पन्नास वर्षांत पंधरा किलोमीटर होतात. म्हणून भविष्याच्या नकाशावर आजच्या नोंदींभोवती पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्याबाहेरच्या लाल खान्यांना 'हवामान जुळतं, पोहोचणं अवघड' असा वेगळा रंग द्या. माणसं पेट्या नेतात तो मार्ग निराळा; तो मॉडेलमध्ये घ्यायचा तर निराळाच धरा.

क्षेत्रफळ मोजताना अक्षांश-रेखांशातल्या रास्टरचे खाने नुसते मोजू नका, समक्षेत्र प्रक्षेपणात (क्षेत्रफळ खरं राखणाऱ्या नकाशा-पद्धतीत) आणा. आणि 'अनुकूल' कशाला म्हणायचं त्याची सीमारेषा बदलून टक्केवारी किती हलते ते तक्त्यात दाखवा. दहा टक्के नोंदी सोडणाऱ्या सीमेवर ७० टक्के नुकसान आणि सगळ्या नोंदी धरणाऱ्या सीमेवर २० टक्के, असं येऊ शकतं. तसं आलं तर दोन्ही छापा.

इतकं करूनही नकाशा पुण्यालाच चिकटून राहिला आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर नुसता नकाशाचा फोटो पाठवू नका. विरळणीआधीच्या आणि नंतरच्या नोंदींची संख्या, पार्श्वभूमी कशी घेतली, वापरलेले थर आणि त्यांची आवृत्ती, शिकवणीच्या प्रदेशाची सीमा, तापमान आणि पावसाचे प्रतिसाद-वक्र, निरीक्षकांच्या मॉडेलचा नकाशा आणि मेस नकाशा हे सोबत जोडा. एवढं समोर असलं की दुखणं कुठे आहे ते बहुतेक वेळा वक्र पाहूनच सांगता येतं.